माझं द्वैभाषिक

सैनिकी कॉलेजातला पोरगा लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा छाती काढणार, घोड्यावरून पडणार, बंदूक उचलणार आणि शेवटी झेंड्याकडे बघून डोळे पुसणार. बसा निवांत, चहा मागवा. घोड्यावरून मी पडलो हे खरं, पण घोडा तेव्हा उभा होता, त्यामुळे त्यातून वीररस निघत नाही. बंदूक होती, ती मी बहुतेक पुसलीच. आणि मुंबईत त्या वर्षांत जे मोर्चे निघाले त्यांतही मी नव्हतो; घोषणा गॅलरीतून ऐकल्या तेवढ्याच. पराक्रम हवा असेल तर पान उलटा. इथे नुसता तिळाचा वास आहे.

तो आज सकाळीच आला. मी गिरगावात मामाच्या बिऱ्हाडी सुट्टीवर आलोय. मामीनं कढईत तीळ टाकले, ते तडतडले, आणि एक उडून माझ्या पुस्तकावर पडला. मी दचकलो.

"विनू, तिळाला दचकतोस? तोफेपुढे काय करशील रे?" मामी म्हणाली.

"तोफ सांगून उडते, मामी."

ती हसली. मी पुस्तक मिटलं. कारण हा वास एकदा नाकात गेला की मला दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी दिसायला लागतो आणि मग गणित कसलं होतंय! पलीकडे मामा पेपर वाचत होता, म्हणजे अख्ख्या मजल्याला वाचून दाखवत होता. आता द्वैभाषिक मोडणार, मराठी राज्य होणार, मुंबई आपल्याकडे येणार. गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र बांधून एकच मोठं राज्य केलं होतं ना, त्याला पेपरवाले 'द्वैभाषिक' म्हणतात. ते तुटणार म्हणून मामा पेढे आणायच्या बेतात आहे. मला गंमत वाटली. वेगळं होणं ही पेढे वाटायची गोष्ट असू शकते, हे मला आमच्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे वेगळं होणं कुजबुजत झालं.

आई आणि बाबा वेगळे झाले तेव्हा त्याला प्रत्येकानं वेगळा शब्द वापरला. कराडची आत्या 'काडीमोड' म्हणाली. वकील 'घटस्फोट' म्हणाला. चाळीतल्या बायका 'डायव्होर्स' म्हणायच्या, तोही तोंडावर पदर धरून, जणू काही इंग्रजीत म्हटलं की लागत नाही. मला 'घटस्फोट' सगळ्यांत विनोदी वाटला. स्फोट म्हणजे काहीतरी धडाम् व्हायला हवं की नाही? आमच्याकडे आवाजच झाला नाही. आमचा घट झिरपला. रोज थोडा थोडा. एक दिवस बघितलं तर आत काही नव्हतं.

आईनं स्वतः कुठलाच शब्द वापरला नाही. तिचं फक्त एक अक्षर बदललं. आधी ती बाबांना 'हे' म्हणायची. हे आले, हे जेवले, ह्यांना विचार. मग एका सुट्टीत मी आलो तर ती म्हणाली, "ते बरे आहेत ना?" मी विचारलं, "ते कोण?" आणि विचारता विचारताच मला कळलं. कोर्टाला कागदाची थप्पी लागली, आईला एक अक्षर पुरलं. जवळच्याला 'हे' आणि लांबच्याला 'ते'. आपली भाषा फार कडक आहे हो.

भांडणं लागली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला उचलून कराडला आत्याकडे ठेवलं, शाळा तिथेच झाली. मुंबईचं पोरगं म्हणून पहिल्या महिन्यात मार खाल्ला. दुसऱ्या महिन्यात हेडमास्तरांची नक्कल करून दाखवली, तेव्हापासून मार थांबला. तेव्हा शिकलो ते शिकलो. दुसऱ्याच्या आवाजात बोलत राहिलं की आपल्याला कुणी मारत नाही. कंपाउंडर झाला, एसटीचा कंडक्टर झाला, आत्याची म्हैस झाली. म्हैस सगळ्यांना आवडायची. पुढे परीक्षा देऊन पुण्याजवळच्या सैनिकी कॉलेजात लागलो. आज सकाळी मामाला म्हटलं, "मामा, मुंबई केंद्रशासित करणार म्हणून तुम्ही एवढं बोंबललात, पण मुंबई सुटली आणि मी सापडलो. आई म्हणते माझा, बाबा म्हणतात माझा, शेवटी दिल्लीनं उचलला आणि खाकी घातली." मामा खो खो हसला. मग त्यानं स्वयंपाकघरात आई होती तिकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

कॉलेजात महिन्यातून दोन रविवार घरचे भेटायला येऊ शकत. आईबाबांनी पाळी लावून घेतली होती. एका रविवारी आई, एका रविवारी बाबा, समोरासमोर यायला नको म्हणून. ऑक्टोबरात कॉलेजनं एक रविवार पुढे ढकलला. मी दोघांनाही कळवलं. आईला वाटलं, ढकललेला रविवार बाबांचा. बाबांना वाटलं, आईचा. मी मात्र पट्टा घासून, बूट चकचकीत करून, झाडाखालच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाकावर साताऱ्याच्या थोरातचे वडील आले होते, पेन्शनर हवालदार. त्यांनी दशम्यांचं फडकं सोडलं. मी थोरातला त्याच्याच वडिलांच्या आवाजात म्हटलं, "खा की लेका, लाजतोयस काय!" म्हातारा हसून हसून ठसकला. मला दोन दशम्या जास्त मिळाल्या. चार वाजता घंटा झाली आणि सगळे आपापल्या माणसांना दारापर्यंत सोडायला गेले. मी बाकावरच बसून राहिलो. उठून जायचं तर कुणाला सोडायला जायचं?

त्या टर्मला मी गणितात आपटलो, भूगोलात आपटलो, आणि परेडच्या परीक्षेतही आपटलो. लोक म्हणतात, आईबापांचं फाटलं की पोरांचं अभ्यासात लक्ष लागत नाही. माझं लागायचं, पण भलतीकडे. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या करा, असं मास्तर सांगायचे आणि मी विचार करत बसायचो की डावी बाजू कुणाची. परेडचं तर आणखीच वेगळं. परीक्षेत प्रत्येकानं पुढे येऊन पलटणीला हुकूम द्यायचा असतो. मी पुढे आलो, तोंड उघडलं, आणि हुबेहूब आमच्या सुभेदार उस्तादांचा आवाज निघाला. तोच घोगरा, तोच शेवटचा झटका. पलटण फुटली हसून. उस्ताद म्हणाले, "अपनी आवाज़ में!" मी पुन्हा तोंड उघडलं. कॅप्टन साहेबांचा आवाज निघाला. "अपनी!" तिसऱ्यांदा काहीच निघालं नाही. शंभर पोरं सावधान उभी आणि मी तोंड उघडून. त्यांना वाटलं, हाही विनोदच आहे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी कॅप्टन साहेबांनी बोलावलं. "पोरगा हुशार आहे, मग घसरतो का? तुला विचारलं तर नुसतं 'येस सर' येतं, म्हणून हे आता घरून कळायला हवं. पालकांचं पत्र घेऊन ये. पत्र नाही आलं तर बिस्तरा बांधायचा आणि घरी जायचं." मी "येस सर" म्हटलं, टाच आपटली. बाहेर आल्यावर डोक्यात एकच. घरी म्हणजे कुठे?

*

सुट्टीची वाटणी झालेली होती. चार दिवस गिरगावात आईकडे, मग चार दिवस परळला बाबांकडे, असं आळीपाळीनं. आई मामाकडे राहायची आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. बाबा गिरणीच्या हापिसात कारकून. परळला एका खोलीत एकटे. मधे ट्राम. गिरगावात मी आईचा, परळात बाबांचा, ट्राममध्ये कुणाचाच नाही. खरं सांगू? ट्राममध्येच बरं वाटायचं. खिडकीतून गार वारा यायचा. भिंतींवर गेरूनं लिहिलेलं 'झालाच पाहिजे' पळत मागे जायचं. लालबागला गिरणी सुटली की माणसांचा लोंढा रस्त्यावर यायचा आणि ट्राम त्यातून घंटा बडवत मुंगीसारखी चालायची. कंडक्टर विचारायचा, "कुठे उतरणार?" माझ्या ओठांवर यायचं, तेच तर विचारतोय.

पत्राचं कुणालाच सांगितलं नाही. का, ते सांगतो. नापास झालो हे ज्याला आधी सांगेन, त्याच्या हातात दगड दिल्यासारखं होतं. आईला सांगितलं तर, "बघ, बापानं लक्ष दिलं नाही." बाबांना सांगितलं तर, "बघ, आईनं लाडावून ठेवलं." माझं गणित त्यांच्या भांडणात जमा झालं असतं. सांगायचं तर दोघांना एकदम सांगायचं. आणि दोघं तर एकमेकांच्या रविवारालासुद्धा घाबरायचे.

बोलणं मात्र चालू होतं, माझ्या तोंडून. "सांग त्यांना," आई म्हणायची. "सांग तिला," बाबा म्हणायचे. मी निरोप्या. पण मी साधा निरोप्या कसला, मी आवाजासकट माल पोचवायचो.

एका संध्याकाळी आई ओले वाटाणे सोलत बसली होती. मी बाबांसारखा आधी खाकरलो, कारण बाबा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाहीत, आणि म्हटलं, "म्हणजे कसं आहे विनायक, माझा मफलर तिच्याकडे राहिलाय. थंडी पडलीय. पाठव म्हणावं."

आईचा हात थांबला. "काय म्हणाले?"

"मफलर मागितलाय," मी माझ्या साध्या आवाजात म्हटलं.

"तसं नाही. मघाशी सांगितलंस तसं सांग."

मी पुन्हा खाकरलो, पुन्हा म्हटलं. ती खाली बघून शेंग सोलत होती. ती शेंग रिकामी होती, तरी सोलत होती. मग म्हणाली, "घसा बसलाय वाटतं त्यांचा. चहात सुंठ घाला म्हणावं."

मी सांगणार होतो की अगं, घसा माझा बसलाय, परेडवर ओरडून. नाही सांगितलं. मी आयुष्यात शंभर लोकांना हसवलंय, पण माझी नक्कल ऐकून कुणी कुणाच्या घशाची काळजी केलेली, ती पहिली वेळ.

परळला गेलो. मफलर दिला. बाबा स्टोव्हवर पाणी उकळत ठेवून खिडकीशी पेपर चाळत होते. मी आईच्या आवाजात, म्हणजे वाक्याची शेपटी गिळत, म्हटलं, "सुंठ घाला म्हणावं चहात. आणि दूध बघा आधी, उतू चाललंय..." दुधाचं मी पदरचं घातलं होतं, गंमत म्हणून. बाबा ताडकन् उठले आणि फडकं घेऊन स्टोव्हकडे धावले. स्टोव्हवर नुसतं पाणी. दूध तर कपाटात गार. ते फडकं हातात धरून उभे राहिले, मग हसायचा प्रयत्न केला.

"तुझी आई अजून अशीच बोलते?"

"अशीच."

"बरं," म्हणाले. मग धुतलेला कप घेतला आणि पुन्हा धुतला.

त्या खोलीची एकच खिडकी, समोर गिरणीची चिमणी. बाबा रोज मुगाची उसळ करायचे, कारण तेवढीच यायची. मी समोर बसून उसळ खात होतो, खालून कसली तरी सभा चालल्याचा भोंगा ऐकू येत होता, मुंबई कुणाची, मुंबई कुणाची, आणि आत नुसत्या आमच्या ताटल्या वाजत होत्या. इतक्या आवाजात इतकी सामसूम मी नंतर कधी ऐकली नाही.

मग मी सुरू केलं. खोटे निरोप. आधी बारीकसारीक. "आई म्हणाली, उसळीत गूळ घालत जा." "बाबा म्हणाले, तिची शाळा लांब पडते, पाय दुखत असतील." दोघांपैकी कुणीही असं काही म्हणालं नव्हतं. पण आवाज त्यांचे होते ना! खोटी नोट खऱ्या कागदावर छापल्यासारखं. आई वेणी घालताना गुणगुणायला लागली. बाबांनी उसळीत गूळ घातला, जरा जास्तच पडला. मी दोन्हीकडे चवीनं खात होतो आणि मनात मोजत होतो, सुट्टीचे किती दिवस उरले.

संक्रांत जवळ आली. चाळीत हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू करंडा घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांनी मामीला कुंकू लावलं आणि मग आईकडे वळून बोट हवेतच थांबवलं. आईच्या कपाळाला कुंकू होतं. नवरा जिवंत होता. पण नवरा होता का, हे काकूंना कळेना. असा प्रश्न त्यांच्या आजेसासूलाही पडला नसणार. "या हं तुम्ही पण... म्हणजे... जमलं तर," काकू म्हणाल्या.

"मुलांचे पेपर तपासायचेत," आई म्हणाली.

शाळेला सुट्टी होती. पेपर नव्हतेच. काकू गेल्यावर मी लगेच काकूंची नक्कल केली, बोट हवेत, डोळे गोल. मामी हसली. आई हसली नाही. ती म्हणाली, "विनू, सगळ्याचं हसू होत नाही रे."

दुसऱ्या दिवशी मी मोठा निरोप सोडला. बाबांना आईच्या आवाजात: "विनूच्या कॉलेजचं बोलायचंय. संक्रांतीला दादरला या, साडेचारला." आईला बाबांच्या आवाजात: "म्हणजे कसं आहे, तिच्या हातची तिळाची वडी खाऊन किती वर्षं झाली. संक्रांतीला दादरला ये म्हणावं, विनायकाचंही बोलू." दादर का? तर ते ना गिरगाव ना परळ. कुणाच्याच मुलखात नाही.

आईनं रात्रभर न झोपल्यासारखा चेहरा घेऊन सकाळी वड्या केल्या. दोनदा पाक बिघडला. तिसऱ्यांदा जमला.

*

दादरच्या स्टेशनाजवळ एक इराणी होता, त्याच्याकडे मागे लाकडी फळ्यांच्या फॅमिली रूम होत्या, पडदे लावलेल्या. आम्ही आधी पोचलो. आई डबा मांडीवर घेऊन बसली. बाबा आले ते इस्त्रीचा सदरा घालून, मफलर गुंडाळून. घाम येत होता, तरी मफलर. माझ्या शेजारी बसायचं की समोर, हे त्यांना ठरवता येईना, शेवटी टेबलाच्या टोकाला स्टूल ओढून बसले. वेटर आला. आई पटकन म्हणाली, "ह्यांना साखर कमी." म्हणाली आणि एकदम पडद्याकडे बघायला लागली. मी टेबलाच्या संगमरवराकडे बघितलं. वेटरला काय, तो गेला.

"तू निरोप पाठवलास म्हणून आलो," बाबा खाकरून म्हणाले.

"मी? तुम्हीच म्हणालात ना." तिनं डबा पुढे केला. "वड्यांची आठवण येते म्हणालात."

बाबांनी वडी उचलली, बघितली, पुन्हा डब्यात ठेवली. "म्हणजे कसं आहे, दाढा काढल्या माझ्या. खालच्या दोन्ही बाजूंच्या. वर्ष झालं. वडी चावत नाही."

"दाढा काढल्या?" आई म्हणाली.

मलाही माहीत नव्हतं. मी चार-चार दिवस त्यांच्यासमोर बसून उसळ खाल्ली, त्यांचा आवाज उचलला, खाकरणं उचललं. पण ते मऊ उसळच का खातात, हे मला दिसलं नव्हतं.

मग दोघं हळूहळू माझ्याकडे वळले. एकाच वेळी. गूळ, सुंठ, पाय दुखणं, सगळं एकेक करून टेबलावर आलं. "हे तू म्हणालीस?" "मी कशाला म्हणू?" "आणि हे तुम्ही?" "छे!" मी वेटरच्या आवाजात म्हटलं, "एक बनमस्का, दो पानीकम चाय!" कुणी हसलं नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली.

"विनायक," बाबा म्हणाले, "काय आहे?"

आता कुणाचा आवाज काढायचा? शोधला. एकही सापडेना. जो निघाला तो फाटका, बारीक, कराडच्या पोराचा. "मी नापास झालोय. तिन्हींत. पत्र नाही नेलं तर काढून टाकतील. घरी पाठवतील."

"मग काय झालं? घरी ये," आई म्हणाली.

"कुठल्या?"

इराण्याच्या गल्ल्यावरची घंटी वाजली. चहावर साय धरली. त्या फळीवर कुणीतरी खिळ्यानं दोन नावं कोरली होती, ती मी वाचत बसलो. आई म्हणेल माझ्याकडे, बाबा म्हणतील माझ्याकडे, असं वाटलं होतं. दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. मामाच्या दोन खोल्या, परळची एक. दोघंही मनात जागा मोजत होते बहुतेक. किंवा दोघांनाही वाटलं असेल, दुसऱ्यानं म्हणावं. तेवढा वेळ मी जगात जितका एकटा होतो तितका त्या झाडाखालच्या बाकावरही नव्हतो.

मग बाबांनी खिशातून पेन काढलं. वेटरकडून कागद मागवला. हापिसातला माणूस, इंग्रजी पत्र म्हणजे हातचा मळ. 'आय बेग टू स्टेट दॅट माय सन', असं मोठ्यानं म्हणत लिहायला लागले.

आई वाकून बघत होती. तिनं बोट ठेवलं. "इथे 'माय' नाही."

"मग? व्याकरण बरोबर आहे."

"व्याकरण बरोबर आहे. 'अवर' करा."

बाबांनी पेन वर धरलं. "वर 'आय' लिहिलंय मी."

"मग तेही बदला. दोघं सही करू."

बाबांनी 'आय' खोडला, 'वुई' केला. 'माय' खोडला, 'अवर' केला. बाबांची सगळी हयात स्वच्छ कागदावर गेली. खाडाखोड दिसली की ते पान फाडून टाकतात. हे त्यांनी फाडलं नाही. घरात काय झालं ते चार ओळींत लिहिलं, कुणालाही दोष न देता. शेवटच्या ओळीत, वेगळं होण्याच्या शब्दापाशी, दोघं अडले तेव्हा आई म्हणाली, "असू दे, तसंच लिहा, खरंय ते." मग खाली दोन सह्या झाल्या, एक गिरगावची, एक परळची.

बाहेर आलो. गार वारा सुटला होता. दादरहून निघालेली ट्राम परळवरूनच पुढे गिरगावाकडे जाते, म्हणजे तिघंही एकाच ट्रामचे. ट्राम आली. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी मागच्यानं येतो." आम्ही चढलो. आईनं वळून बघितलं नाही. मी बघितलं. बाबा थांब्यावर उभे होते, मफलर सोडून हातात घेतला होता, आणि लगोलग मागची ट्राम समोर येऊन उभी राहिली तरी ते तीतही चढले नाहीत.

मी वाट बघत होतो की आई आता झापेल. लालबाग आलं. मग डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्या पोरांना ने कॉलेजात." एवढंच.

दोघं परत एकत्र आले नाहीत, हे आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्ही आशेवर बसायला नको. मामाचं राज्य होईल, आमचं झालं नाही. आई अजून 'ते' म्हणते. मी मात्र निरोप पोचवणं सोडलं. त्यांना काही सांगायचं असलं की आता ते टपालानं सांगतात, फार क्वचित, आणि आई ती पत्रं चष्मा लावून, आवाज न करता वाचते.

झापलं ते कॅप्टन साहेबांनी. साहेब इंग्रजीत झापत होते, मी मराठीत सांगतोय. मूळ इंग्रजीत जास्त लागलं होतं. मी सावधान, ते खुर्चीत, पत्र टेबलावर.

"हे काय आहे?"

"पत्र, सर."

"पत्र मलाही दिसतं. हे! हे काय आहे?" बोट खोडलेल्या शब्दावर.

"खाडाखोड, सर."

"सैनिकी कॉलेजला खाडाखोड केलेलं पत्र? कुणी केली?"

"आईनं सांगितली, वडिलांनी केली, सर."

"खाली दोन पत्ते का?"

"दोन घरं आहेत, सर."

साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी, कारण डोळे दोनदा परत फिरले. मला वाटलं, आता मऊ बोलणार. कसलं काय!

"सहा महिने माझ्या हाताखाली आहेस आणि हे मला कागदावरून कळतंय? तोंड नव्हतं तुला? माझी नक्कल करायला आहे, ती ऐकलीय मी खिडकीतून! आणि चालण्याची चुकतोस, मी डावा खांदा पाडत नाही! काढून टाकत नाही तुला. एक टर्म मागे बसशील, तुझे दोस्त पुढे जातील आणि तू बघत राहशील. आणि ऐक. दर रविवारी दोन पत्रं लिहायची. एक इकडे, एक तिकडे. दोन्हींत एकच मजकूर. एका शब्दाचा फरक सापडला तर दोन्ही फाडीन आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावीन."

"येस सर." मी हिशेब केला, दोन पानी पत्र, दोनदा. "सर, कार्बन पेपर..."

साहेब खुर्चीतून उठले. "कार्बन? गाढवा, कार्बनची प्रत कुणाला पाठवणार? आईला की बापाला? दोघांनाही शाईतलं जाईल! चल, पळ!"